मामांची डावी बाजू

आमचे मामा शिंपी, आणि हट्टाच्या बाबतीत कुणाला हार जाणारे नव्हेत. सरकारी आरोग्य विम्यात म्हाताऱ्या माणसांची दर वर्षी फुकट तपासणी होते, हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला होता. मामा उत्तरादाखल सुईत दोरा ओवून दाखवायचे. चष्मा न लावता, एका झटक्यात. "बघ. डोळ्यांना काय धाड भरलीय? विमा आजारी माणसांसाठी असतो, बाई." माझं डोकंच फिरायचं.

रस्त्यानं जाताना मामी कायम त्यांच्या डाव्या अंगानं चालायची. मला वाटायचं, सवय असेल.

त्या दुपारी मामा कोटाचं कापड कापत होते. डावीकडे पडलेली सुरकुती सारखी करायला मामीनं हात पुढे केला आणि मामांनी त्यावरच कात्री चालवली. मामी किंचाळली. मामा विचारतात, "काय झालं?" तोवर खडूच्या रेघेवरून रक्त वाहत होतं.

दवाखान्यात टाके घालता घालता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हात समोर होता ना? मग दिसला कसा नाही?"

"लक्ष नव्हतं," मामा म्हणाले.

"खोटं बोलू नका," मामी म्हणाली. "येता-जाता डावा खांदा चौकटीवर आपटतो तुमचा. म्हणून तर मी त्या बाजूनं चालते."

मामांचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी त्यांना उजवा डोळा झाकून समोर बघायला सांगितलं. "माझं बोट दिसलं की हो म्हणा." बोट डावीकडून हळूहळू पुढे येऊ लागलं. मामा गप्प. बोट कानापाशी, मग गालापाशी आलं. मला ओरडावंसं वाटत होतं, म्हणा ना हो! बोट पार नाकाच्या रेषेत आलं, तेव्हा ते म्हणाले, "हो."

वरच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रावर तपासून सांगितलं, काचबिंदू. "यात समोरचं बराच काळ नीट दिसतं, म्हणून माणूस फसतो. डाव्याची गेलेली नजर परत येणार नाही. उजव्यालाही सुरुवात झालीय, पण रोज थेंब घातलेत तर तो वाचवता येईल. वर्षाच्या तपासणीला आला असतात तर डावाही वाचला असता."

मामांनी मामीचा पट्टी बांधलेला हात दोन्ही हातांत धरला.

"सुईचं भोक दिसत होतं गं मला," ते म्हणाले. "तुझा हात दिसला नाही."

मामी उठली आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.