एकदाच आलेली हाक

यासुजी जन्मभर किवाताईंच्या शेजारी राहिला, पण त्यांच्याबद्दल त्याला खरं ठाऊक होतं ते फार थोडं. समुद्रातून काढलेल्या कोंबूचे, त्या खायच्या समुद्री शेवाळाचे, लांब, ओले पट्टे त्या अंगणातल्या गोट्यांवर कसे पसरतात, मुळ्याच्या लोणच्यात मीठ किती घालतात, हे तो सांगू शकला असता. त्या मनात काय धरून बसल्या होत्या ते त्याला एका दुपारी कळलं, आणि तेही पुरतं कळलं की नाही कोण जाणे.

किरिताप्पूची दलदल त्यांच्या परड्याला लागूनच होती. जुलैत ती पिवळ्या लिलींनी भरून जाई आणि नेमकं तेव्हाच समुद्रावरून धुकं चढून येई. दलदल संरक्षित झाल्यापासून फुलांना हात लावायला बंदी होती. लाकडी पायवाट झाली, शहरातली माणसं गाड्या भरून येऊ लागली. पण गवताआड दलदलीचे डोळे तसेच होते. वर ताटाएवढं काळं पाणी, खाली तळ नाही. घोडा गेला तरी वर येत नसे.

म्हणून गावची रीत होती. धुक्यात हाक मारायची ती दोनदा. एकदाच आलेल्या हाकेला ओ द्यायची नाही. ती माणसाची नसते.

किवाताई पायवाटेच्या तोंडाशी कोंबू विकायला बसत. एकदा एका पाहुणीनं धुक्यात नवऱ्याला हाक मारली, तशा त्या खेकसल्या, "अगं, एकदाच मारून गप्प काय बसतेस? पुन्हा मार!"

"दहादा मारली तरी तो ओ देत नाही, आजी."

"तरी मारत जा. हाकेला पैसे पडत नाहीत."

त्यांचा नवरा गेन्झो फार पूर्वी घोड्यासाठी गवत कापायला दलदलीत गेला होता. तो परत आलाच नाही. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि यासुजीनंही विचारलं नाही.

त्या दुपारी धुकं अचानक आलं. ओल लागून कोंबू बिघडू नये म्हणून यासुजी त्यांना पट्टे उचलू लागत होता. तेवढ्यात लिलींच्या बाजूनं पुरुषाचा आवाज आला, "किवा."

एकदाच.

यासुजीनं मान खाली घातली. "आपण काही ऐकलं नाही, ताई."

"त्या दिवशीही मी असंच काही ऐकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "दारातच उभी होते. किवा, एवढंच आलं. दुसऱ्या हाकेची वाट बघत मी ओठ मिटून राहिले. सगळ्यांनी शहाणी म्हटलं मला."

"शहाणपणच केलंत."

"यासु, तू ओळखायचास ना त्याला? त्या माणसानं कधी एक गोष्ट दोनदा सांगितली? भात हवा असला तरी एकदाच म्हणायचा. मला ऐकू गेलं नाही तर उपाशी उठायचा."

गेन्झो तसाच होता.

किवाताई दलदलीकडे वळल्या आणि स्वयंपाकघरातून द्यावी तशी त्यांनी ओ दिली, "ओ! आले हं."

वारा नव्हता. पायवाटेच्या फळ्या मात्र एकेक करून वाजत जवळ आल्या आणि परड्याच्या कडेला थांबल्या. तिथं कुणीच नव्हतं. यासुजीनं ताईंची बाही धरून त्यांना घरात नेलं. त्या मुकाट्यानं आल्या. त्यांचा चेहरा इतका निवांत त्यानं कधी पाहिला नव्हता, आणि त्याचीच त्याला धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं आलं, आणि ते विरलं तेव्हा त्या अंगणात नव्हत्या. अर्धा कोंबू नीट रचलेला, अर्धा गोट्यांवर तसाच. गावानं शोधायचं तेवढं शोधलं. यासुजी कडेला उभा राहून दोन-दोनदा हाका मारत राहिला, आवाज बसेपर्यंत.

आदल्या संध्याकाळी त्यांच्या दारात दोघांचं बोलणं झालं होतं, ते शेवटचं.

"उद्या धुकं आलं तर बाहेर पडू नका, ताई."

"आणि कोंबू भिजू देऊ?"

"मी उचलतो की."

"तू? टोकं मोडतोस तू. जा, जेवायला जा."