बाबागाडीतून जत्रा

माझी धाकटी बहीण आठ वर्षांची असताना मी तिला बाबागाडीत बसवून जत्रेला नेलं. हे वाक्य लिहितानाही थोडं अवघडल्यासारखं होतं. या गोष्टीला दोन वर्षं झाली, पण मलकापूरच्या रस्त्यावर गावचं कुणी भेटलं की अजून विचारतं, "काय रं, आज गाडी न्हाई?" तेव्हा मी सांगलीला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी काय करतो याकडे गावाचं लक्ष असायचं आणि मीही जे काही करायचो ते नीट विचार करून करायचो. निदान तसा माझा समज होता.

त्या पौषात बहीण टायफॉईडमधून नुकतीच उठली होती. महिनाभर अंथरुणात काढल्यामुळे तिची वेणी करंगळीएवढी राहिली होती. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पंधरा दिवस हिला चालवू नका. देवीची जत्रा नेमकी आठव्या दिवशी आली. त्या जत्रेत लाकडी पाळणा येतो. त्याच्या टोकावरून आमची शाळा दिसते असं शाळेतली सगळी पोरं सांगायची. आदल्या वर्षी बहिणीला "तू ल्हान हाईस, फुडच्या साली बस" असं सांगून पाळण्याजवळून परत आणलं होतं. तिनं ते वर्षभर लक्षात ठेवलं. तापात बरळायची तेव्हाही पाळण्याचंच बरळायची. मी सुट्टीला घरी आल्यावर तिनं पहिलं विचारलं ते हेच, आणि तिचे काडीसारखे हात बघून मी हो म्हणून बसलो.

आईनं आधी नाहीच म्हटलं. मग दोघांची तोंडं बघून म्हणाली, "ने जा. पर तिचा पाय भुईला लागता कामा न्हाई. आन दिस मावळायच्या आत दारात पायजेल."

बैल कारखान्याला ऊस वाहत होते, म्हणून बैलगाडी नव्हती. मी बहिणीला खांद्यावर घेतलं, वेशीपर्यंत गेलो आणि परत आलो. ओट्यावर चुलते बसले होते. लष्करातून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेले. त्यांनी आम्हाला जाताना पाहिलं होतं, आता येतानाही पाहिलं.

"झाली जत्रा?" ते म्हणाले.

"जरा दम खातो, काका."

"कॉलेजात वह्या सोडून काय उचलाय शिकवत न्हाईत वाटतं," म्हणून ते उठले आणि गोठ्यात गेले. आतून कोंबडीचा ओरडा ऐकू आला. मग काका बाबागाडी ओढत बाहेर आले.

ही बाबागाडी त्यांच्या छावणीतल्या एका साहेबाची. साहेबाची बदली झाली तेव्हा ती मागं राहिली आणि काकांनी ती रेल्वेनं, मग एसटीच्या टपावरून घरी आणली. बहीण तेव्हा तान्ही होती. चार महिने ती त्या गाडीत झोपली. नंतर गाडीतून गुरांसाठी मळ्यातला घास येऊ लागला आणि घासाच्या मागोमाग कोंबडी येऊन बसू लागली. चाकं मात्र शाबूत होती. काकांनी गाडी धुतली, चाकांना एरंडेल घातलं आणि बहिणीला उचलून आत ठेवलं. तिचे गुडघे हनुवटीला लागले, म्हणून पाय पुढच्या काठावरून बाहेर सोडले. आईनं थंडीसाठी आपलं हिरवं लुगडं दुमडून तिच्याभोवती गुंडाळलं आणि दृष्ट लागू नये म्हणून कपाळभर कुंकू भरलं. काकांनी दांड्याला लिंबू-मिरची बांधली. "मिलिटरीचा माल हाय, कुनाची बी नजर बसंल," म्हणाले.

तीन मैलांचा रस्ता. उसाच्या गाड्या समोरून येत होत्या आणि प्रत्येक गाडीवानाला आमच्याशी बोलायचंच होतं.

"पाव्हणं, बारसं कवा केलंसा? आमास्नी आवातनं न्हाई."

मी मान खाली घालून ढकलत राहिलो.

"बाळाला दात आलं का न्हाई अजून?" दुसऱ्यानं विचारलं.

"आल्यात की," बहीण गाडीतून म्हणाली. "चावून दाखवू?"

तो गाडीवान हसता हसता बैलांचे कासरे सोडून बसला. मला मात्र कॉलेजातलं कुणी भेटेल याची धास्ती होती. भेटलं कुणीच नाही. ओढ्यापाशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा चपला हातात घेऊन मी अनवाणी निघालो. पुढं काय होणार आहे याची मला जरासुद्धा कल्पना नव्हती.

जत्रेत शिरलो तशी बहीण गाडीत ताठ झाली. उजवीकडं, बांगड्यांच्या पालांपलीकडं पाळणा फिरत होता. मी गाडी तिकडं वळवली. तेवढ्यात एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. तिनं बहिणीचं कपाळ पाहिलं, हिरवं लुगडं पाहिलं, लिंबू पाहिलं, मग माझे अनवाणी पाय पाहिले.

"पाय भुईला लावायचा न्हाई व्हय हिचा?"

"नाही लावायचा," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"कुठनं आलासा?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"तितनं आनवाणी?" म्हातारीनं लगेच हात जोडले. "आगं बया, पोरीचा नवस हाय. वाट द्या की जरा."

आमच्याकडं लेकरू मोठ्या दुखण्यातून उठावं म्हणून असा नवस बोलतात, की बरं झालं तर त्याचा पाय जमिनीला न लावता देवळापर्यंत आणीन. कुणी खांद्यावर आणतं, कुणी गाडीत. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण आपण तसे दिसतो आहोत हे ध्यानात यायला मला वेळ लागला.

"तसं काही नाही हो आजी," मी म्हणालो. "हिला टायफॉईड झाला होता."

"म्हंजी दुखण्यातनंच उठली की."

"डॉक्टरांनी सांगितलंय चालवू नका म्हणून."

"कुनी का सांगंना बाबा. पाळायचं."

मी जितकं खरं सांगत होतो तितका त्यांचा विश्वास पक्का होत होता. सांगलीत मी वक्तृत्वाच्या तासाला बोललो होतो. ते शिक्षण इथं काहीच कामाला आलं नाही. दोन बायकांनी बहिणीला हळद-कुंकू लावलं. कुणीतरी तिच्या मांडीवर नारळ ठेवला. एक हलगीवाला पुढं आला आणि वाजवायलाच लागला. गर्दी आपोआप दुभंगली, म्हातारीनं गाडीचा पुढचा काठ धरला आणि आम्ही देवळाकडं निघालो. पाळणा बाजूला पडला, मग मागं गेला.

बहिणीला आधी मजा वाटली. कुणी हातावर ठेवलेले दोन पेढे तिनं तिथंच खाल्ले. मग तिनं मान वळवून मागं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"दादा, पाळणा मागं ऱ्हायला."

"दर्शन घेऊन येऊ."

"तवर दिस मावळंल."

देवळाबाहेरची रांग मला दिसत होती. ती ओढ्यापर्यंत गेली होती. सूर्यही दिसत होता. गर्दीला थांबवून सगळं पुन्हा सांगावं असं मनात आलं, पण हलगीपुढं माझं कुणाला ऐकू आलं नसतं. बहीण रडली नाही. तिनं म्हातारीचा पदर ओढला.

"आज्जे, मला आदी पाळण्यात बसायचंय."

म्हातारी थांबली. हलगी थांबली. मला वाटलं, आता उलगडा होणार.

"नवसाचं लेकरू मागतंय," म्हातारी मागं वळून म्हणाली. "न्हाई कसं म्हनायचं? फिरवा गाडी."

अख्खी मिरवणूक माघारी फिरली. पाळण्यापुढंही रांग होती, ती हलगी ऐकून बाजूला झाली. पाळणेवाल्यानं बहिणीला पायऱ्या चढायला सांगितलं तेव्हा चार बायका त्याच्या अंगावर ओरडल्या. मग तिला हातोहात उचलून पाळण्यात ठेवलं. एकटीला कसं बसवायचं म्हणून मलाही शेजारी कोंबलं. मला उंचीची भीती वाटते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही आणि सांगायचं मलाही.

पाळणा वर गेला तसा मी दांडा घट्ट धरला. बहीण मात्र पुढं झुकून बोट दाखवत होती.

"दादा, शाळा. खरंच दिसती की रं."

मी डोळे किलकिले करून पाहिलं. कौलं दिसत होती. ती शाळेची की कुणाच्या गोठ्याची, ते मला सांगता आलं नसतं. तापात तिचे डोळे कसे खोल गेले होते ते आठवलं, म्हणून मी म्हणालो, "हो, शाळाच आहे."

फेरी संपली. म्हातारी खाली वाट बघत होती. तिनं बहिणीला घ्यायला हात पुढं केले, पण बहीण जागची हलेना.

"आजून," ती म्हणाली.

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. चेहरा अगदी गंभीर. "नवसात किती फेऱ्या बोलला हुतासा?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. बहीण तर सगळ्यांत जास्त. तोवर मी त्या गर्दीला एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. नवस बोललेलाच नाही, हे आता पुन्हा एकदा सांगता आलं असतं.

"दोन," मी म्हणालो.

"दोन कुठं बोलत्यात का कवा?" म्हातारी म्हणाली. "तीन असत्याल. इसरलास तू."

"तीनच," बहीण म्हणाली.

पाळणेवाल्यानं दांडा लावला. पुढच्या दोन्ही फेऱ्या मी डोळे मिटून काढल्या. शाळा, ओढा, कऱ्हाडचा रस्ता, खाली उभी असलेली आमची बाबागाडी, हे सगळं ती मला मोठ्यानं सांगत होती आणि मी हो, हो म्हणत होतो.