नदी नसलेली खाडी

दुबईच्या देरा भागातल्या कितीतरी मुलांचं पहिलं रडणं हमीदाबींच्या हातांत उमटलं. पण त्या सुईण झाल्या त्याआधीच्या हिवाळ्यात त्यांचं मनगट रोज सकाळी दुसऱ्याच एका बाईच्या मुठीत असायचं. ती बाई म्हणजे त्यांची सासू, मैमुनाबी.

१९६१ साल होतं. हमीदा नवी नवरी. पावसाळा सरल्यावर कोकणातल्या म्हाप्रळहून मुंबईला आणि तिथून आगबोटीनं दुबईला आलेली. नवरा मुश्ताक एका वखारीत मुनशी होता. खाडीच्या अलीकडच्या काठी, बर दुबईत, खजुरीच्या झापांचं त्यांचं घर. खाडीपलीकडं, देराच्या टोकाला, दवाखान्यातल्या इंग्रज मेट्रननं बायकांसाठी सुईणकामाचा वर्ग काढला होता. हमीदानं त्यात हट्टानं जागा मिळवली, आणि मुश्ताकनं होकार दिला तो अट घालूनच. "अम्मा होडीत बरोबर असेल तरच."

एकट्या सुनेनं परक्या पुरुषांच्या होडीत बसायचं नाही, हे म्हाप्रळला होतं तसंच इथंही. म्हणून अम्मा रोज यायची. डोळे मिटून, गालात सुपारी धरून, ओठांत दुवा पुटपुटत, हमीदाचं मनगट घट्ट धरून बसायची. देराच्या धक्क्यावर हमीदा उतरली की त्याच होडीनं मागं फिरायची, दुपारी तशीच न्यायला यायची. देराच्या जमिनीवर तिनं कधी पाय ठेवला नव्हता. तिच्या नवऱ्याचा मचवा अशाच हिवाळ्यात, धुक्यात, बाणकोट खाडीच्या मुखाबाहेर गेला आणि परत आलाच नाही.

वाळवंटातही थंडी असते, हे गावी कुणाला पटलं नसतं. ओलसर, हाडांत शिरणारी थंडी. आणि काही सकाळी समोरचं देरा पुसून टाकणारं धुकं. आदल्या आठवड्यात अशाच धुक्यात होडी वेळेवर सुटली नाही आणि हमीदाला वर्गाचं दार बंद दिसलं. पुन्हा उशीर झाला तर नाव कमी, असं मेट्रननं त्याच दिवशी बजावलं होतं.

आज धुकं त्याहून दाट होतं. धक्क्यावर बलुची नावाडी हमदुल्ला गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"आज नहीं, बीबी. कोहरा देखो. अपना हाथ नहीं दिखता."

"भाई, आज नाही गेले तर माझं नाव जाईल."

"नाम जाएगा, जान तो रहेगी."

हमीदा होडीत जाऊन बसली. अम्मा धक्क्यावर उभी राहिली. हमीदानं वळून पाहिलं नाही. वळून अम्माचा चेहरा पाहिला असता तर तिलाच होडीतून उतरावं लागलं असतं. थोड्या वेळानं होडी हलली आणि मनगटावर ती ओळखीची मूठ आवळली.

"यल्ला, चलो," हमदुल्ला कुरकुरला आणि त्यानं वल्ही उचलली.

मागचा धक्का गेला. पुढचा दिसेना. वल्ह्यांचा आवाज तेवढा कानाशी येत होता, जणू पाण्यावर कापूस पसरला होता. पलीकडं पोचायला लागतो तेवढा वेळ झाला, मग त्याच्या दुप्पट झाला. हमदुल्लानं वल्ही थांबवली आणि मान वळवून गालावर वारा घेतला.

"हवा रेगिस्तान की तरफ से आती है. भरती ने अंदर खींचा है. हवा को पीठ देके जाना पड़ेगा."

म्हणजे वाऱ्याबरोबर, समुद्राच्या दिशेनं. अम्माची नखं रुतली.

हमीदाला वाटलं, एवढं तर आपल्यालाही कळतं. म्हाप्रळच्या खाडीत तरीच्या होड्यांत वाढलेली पोर ती. वाट चुकली तर पाण्यात हात घालून जीभ लावायची. आत जावं तसं पाणी गोडसर लागतं, मुखाकडं खारट. तिनं मोकळा हात बुडवला, बोट चाखलं. निव्वळ खारट.

"भाई, आपण आत नाही. मुखाशी आहोत. समंदर के पास! होडी फिरव."

"समंदर होता तो लहर नहीं होती? होडी उछलती, माई की सुपारी गिर जाती."

पण अम्मानंही डोळे न उघडता हात पाण्यात घातला होता. बोट जिभेला लागलं आणि ती किंचाळली, "खारं! खारं हाय! फिरव रे मेल्या, बाहेर नेतोस आम्हाला!"

ती होडीतच उभी राहायला लागली. होडी कलंडली, काठावरून पाणी आत आलं. हमदुल्लानं कपाळावर हात मारला. "बैठो माई, खलास! फिराता हूँ."

ते वाऱ्यावर तोंड करून निघाले. वल्ही बराच वेळ चालत राहिली. मग तळाशी काहीतरी घासलं आणि होडी चिखलात रुतली. धुकं जरा विरलं, तेव्हा उथळ पाण्यात लांब पायांचे गुलाबट पक्षी उभे दिसले. शेकडो. समुद्र कुठंच नव्हता. देराच्या बाजूनं, पण खाडीच्या पार आतल्या टोकाला ते येऊन लागले होते. आणि पाणी तिथंही खारटच होतं.

हमदुल्लानं दोघींकडं न बघता वल्ही आत ओढून घेतली. हमीदाला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

हमीदा उतरली. गुडघाभर चिखल. मागं पुन्हा चुबूक झालं. अम्मा साडी वर खोचून खाली उतरत होती.

"बघतेस काय गो? चल पुढं."

दोघी किनाऱ्यानं चालल्या, धावल्या, पुन्हा चालल्या. दवाखान्याशी पोचल्या तेव्हा ऊन पडलं होतं आणि दार बंद होतं. मुंबईची नर्स बिलकीस बाहेर आली, दोघींचे पाय बघून थबकली.

"हमीदा, मेमसाब आत्ताच म्हणाल्या, नाव कमी करा."

मागोमाग मेट्रनही आली. अम्मा पुढं झाली. "हिची चूक नाय. होडी मी फिरवायला लावली."

"नाही, पाणी आधी मी चाखलं," हमीदा म्हणाली.

"तू गप. ओरडलं कोण?"

"या भांडतायत कशावरून?" मेट्रननं इंग्रजीत विचारलं. बिलकीसनं सांगितलं, दोघीही चूक आपलीच म्हणतायत. मेट्रन चिखलाकडं बघत राहिली. मग काहीतरी बोलली, न हसता.

बिलकीसनं ते मराठीत सांगितलं, "नाव राहील. पण उद्यापासून सगळ्यांच्या आधी यायचं. चूल पेटवून हत्यारं उकळायची. म्हणजे उजाडण्यापूर्वी खाडी ओलांडावी लागेल."

उजाडण्यापूर्वी. धुकं उतरतं तीच वेळ. हमीदानं अम्माकडं पाहिलं. अम्मा बरोबर आली तरच होडी; उत्तर हमीदाच्या हातात नव्हतंच. अम्मानं पदर डोक्यावर ओढला आणि ती दाराबाहेर बसली. वर्ग सुटेपर्यंत तिथंच होती.

दुपारी देराच्या धक्क्यावर हमदुल्ला भेटला. भरती चढल्यावर त्याची होडी चिखलातून सुटली होती. लख्ख ऊन होतं, दोन्ही काठ दिसत होते. होडी निघाली तसा अम्मानं हात पाण्यात घातला, बोट चाखलं आणि थुंकली. मध्यावर पुन्हा. तिचे डोळे उघडे होते.

"इथं नदीच नाय गो," ती हळूच म्हणाली. "आतून काही येतच नाय."

"नाही, अम्मा."

बर दुबईचा धक्का जवळ आला. हमीदा अम्माकडं बघत होती. अम्मानं तोंड वळवलं ते तिच्याकडं नव्हे, नावाड्याकडं.

"पहाटेच्या नमाजानंतर होडी सोडशील?"

"कोहरा हुआ तो?"

"तुला वारा कळतो ना?" अम्मा म्हणाली. "मग तू वल्हव. आम्ही तोंड बंद ठेवू."