सर्कलसाहेबांची पाहणी

जेवून हात धुतला की तो बोटं नाकाशी नेऊन हुंगत असे. तुपाचा वास टिकलेला असला की मान डोलवायची आणि म्हणायचं, "गाव चांगलं आहे." अशी माणसं, मुलांनो, तुमच्या तिकडेही असतील, फक्त काट्याचमच्याने जेवत असतील.

बुलढाण्याला तो आमचा शेजारी होता, हुद्द्याने महसूल खात्यातला सर्कल इन्स्पेक्टर. उभं पीक पाहून आणेवारी ठरवायची, हे त्याचं काम. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक. सहा आण्यांच्या खाली गेलं तर सरकारी मदत. हे सगळं नजरेने ठरायचं, आणि त्याची नजर बांधापलीकडे जात नसे. धोतराला माती लागते, म्हणायचा. "शितावरून भाताची परीक्षा, वहिनी."

एका वर्षी दुसरबीडकडच्या माझ्या सासरच्या गावात गारपीट झाली, तेव्हा मी तिथेच होते. गहू आडवा, ज्वारीची कणसं मातीत. साहेब पाहणीला येणार म्हणताच आमच्या ओसरीवर बायका जमल्या. कुणी डाळ दिली, कुणी गूळ. शेजारच्या गिरजाकाकूंनी लेकीच्या बाळंतपणासाठी ठेवलेलं तूप आणलं.

मी म्हटलं, "जाऊबाई, भाकरी-ठेचाच वाढा. नुकसान झालंय ना आपलं?"

"काऊन बाई? दारी आल्या माणसाले ठेचा वाढू? तुमच्या इंग्रजी शाळेत असंन तशी रीत."

गिरजाकाकू हसल्या. "गारा शेतात पडल्या. चुलीवर नाही पडल्या."

तो दमणीतून, हलक्या बैलगाडीतून, आला. पुरणपोळीवर तुपाची धार थांबू दिली नाही. मग घोरला. उन्हं उतरल्यावर दमणीत बसूनच रस्त्याकडेचं एक शेत पाहिलं आणि गेला.

बुलढाण्याला परतल्यावर मी कुंपणाशी विचारलं, "किती लिहिले?"

"आठ आणे."

"आठ? गहू भुईसपाट झालाय."

"इतकं तूप निघते त्या गावातून. कशाची आपत्ती घेऊन बसल्या, वहिनी?"

मी उत्तम इंग्रजीत वर अर्ज केला. तो अर्ज चौकशीसाठी साहेबाकडेच आला. मदत आली नाही. पेरणीच्या बियाण्यासाठी गिरजाकाकूंनी बैलजोडी विकली.

पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला आणि तो पुन्हा आला. या खेपेला बायकांनी ठरवलं होतं, फक्त पाणी द्यायचं. कडुलिंबाखाली बाजेवर बसून तो एकेका दाराकडे पाहत राहिला. दुपार कलली तशा गिरजाकाकू उठल्या.

"कुठं चालल्या, काकू?" जाऊबाईंनी विचारलं.

"माणूस उपाशी बसला आहे वं."

त्यांनी भाकरी-ठेचा नेऊन ठेवला. खाता खाता त्याचं लक्ष रिकाम्या गोठ्याकडे गेलं.

"बैल कुठं गेले, बाई?"

"इकले. तुमची पंगत झाल्यावर. खा, साहेब."

त्याचा घास हातातच राहिला. ओसरीवरून मी पाहत होते. वाटलं, निदान ठसका तरी लागेल. त्याने घास चावला, गिळला, ताट पुढे सरकवलं.

"अर्धी भाकर असंन त वाढा."

काकूंनी ती वाढली.

त्या वर्षी त्याने पाच आणे लिहिले. कुंपणाशी येऊन मलाच ऐकवलं, "ठेचा वाढला त्या गावानं. हालत खराब आहे." शेतात तो त्याही वर्षी उतरला नव्हता.

मदत वाटली गेली तोवर त्याची बदली झाली होती. बैलजोडीच्या किमतीला ती काही पुरली नाही. मी दिवाळीत गेले तेव्हा काकूंच्या गोठ्यात एक शेळी बांधलेली होती.