नखांतला चिखल
ओहोटीला डहाणूच्या खाडीवरून चिखलाचा वास आला की माझी बोटं नकळत नाकाशी जातात. काही वर्षांपूर्वी मी सासऱ्यांबरोबर त्यांच्या शिडाच्या होडीतून दीवहून परतत होतो. सकाळी धुक्यात किनारा दिसेना, माझा मोबाइल बंद पडलेला, आणि पाणी उतरत चाललेलं. खाडीचं तोंड चुकलं तर होडी खडकांवर गेली असती. मी वाणगाव स्टेशनात नोकरी करणारा, सारखा विचारत होतो, "किती राहिलं?" शेवटी सासऱ्यांनी साबण फासलेला शिशाचा गोळा दोरीने तळापर्यंत सोडला आणि वर ओढायला मला लावलं. गोळा चिखलाने बरबटून आला. होडी घाण नको म्हणून मी तो पाण्यात खळबळला, तर गाठ सुटून गोळाच बुडाला. सासरे शांतपणे म्हणाले, "जावईबापू, धुतला कशाला? साबणाला चिकटलेल्या चिखलावरूनच कळतं ना, कुठं आलो ते." मग त्यांनी माझा हात ओढून नखं हुंगली. "खाडीचाच हाय," म्हणाले आणि सुकाणू वळवलं. त्यानंतर मी त्यांना तो प्रश्न कधी विचारला नाही. आता ते अंथरुणाला खिळलेत, आणि डॉक्टर आले की तोच प्रश्न माझ्या तोंडाशी येतो.