समोरून काढलेला एक फोटो

आज सकाळी शहागंजला फ्रेमवाल्याकडं गेलो होतो. आबा, म्हणजे माझे वडील, नुकतेच गेले; परवा त्यांचं पुण्यानुमोदन आहे. बुद्धांच्या तसबिरीशेजारी ठेवायला त्यांचा फोटो हवा होता.

आपल्या या फोटोग्राफीच्या ग्रुपवर 'अँगल बदला, जमिनीवर झोपून काढा' हे शहाणपण मीच शिकवत असतो. मोबाईलमध्ये आबांचे शेकडो फोटो आहेत. जिन्यावरून टिपलेलं टक्कल, बशीतल्या चहात पडलेलं प्रतिबिंब, चितेगावला ड्युटीवर निघालेले पाठमोरे आबा. त्या पाठमोऱ्याला तुम्ही लई लाईक दिले होते.

फ्रेमवाले चाचा बराच वेळ फोटो सरकवत राहिले. मग हळूच म्हणाले, "भाई, सामने से एक भी नहीं लिए क्या अब्बा का?"

नव्हता. तुमच्या मोबाईलमध्ये तुमच्या घरच्यांचा तसा एक तरी आहे का, आत्ताच बघा.

शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. चेहरा धुरकट आलाय, पण डोळे सरळ माझ्याकडं आहेत.

तो काढणाऱ्याला अँगल-बिंगल काही ठाऊक नसणार. तो एवढंच म्हणाला असेल, "बाबा, इकडं बघा."

मी मात्र दरवेळी सांगायचो, "आबा, माझ्याकडं बघू नका."