जतन झालेला अर्ज

नरसी नामदेवला देवळाकडे वळणाऱ्या रस्त्यावर, हार-प्रसादाच्या दुकानाच्या पत्र्याखाली, व्यंकटराव देऊळगावकर टेबल टाकून बसत. टेबलावर एक वही आणि एक नेटबुक, म्हणजे छोटासा लॅपटॉप. लोक त्या नेटबुकला पाटी म्हणत. शाळेच्या पाटीहून ते फार मोठं नव्हतंच. कोणी आलं की दुकानदाराला विचारायचं, "महाराज पाटी घेऊन आले का?" आणि आले असले की समोरच्या दगडावर बसून घ्यायचं.

व्यंकटरावांचे वडील देवळाच्या सेवेत होते, पण त्यांनी स्वतः कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत बावीस वर्षं कारकुनी केली. मराठी टंकलेखनाची परीक्षा ते पहिल्या झटक्यात पास झाले होते. फॅक्टरी बंद पडली तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे, आणि हातात ती टंकलेखनाची कला तेवढी उरलेली. मग नांदेडहून कोणाचं तरी वापरलेलं हे नेटबुक त्यांनी आणलं आणि अर्ज भरून द्यायला सुरुवात केली.

ते का घेतलं, हे ते विचारणाऱ्याला नीट समजावून सांगत. मोठ्या कॉम्प्युटरला खोली लागते, दिवसभर वीज लागते. हे जेवणाच्या डब्याबरोबर पिशवीत बसतं. लाइट गेली तरी चार तास चालतं. मोबाइलचं इंटरनेट जोडलं की बाजाराच्या दिवशी पुसेगावला पाराखाली बसूनही काम होतं. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीनं निराधाराच्या अर्जासाठी हिंगोलीला कशाला हेलपाटे घालायचे?

दोष ते सांगत नसत, पण त्यांना ठाऊक होते. बटणं इतकी जवळजवळ की ‘क’ दाबायला गेलं की शेजारचं अक्षरही उमटायचं. एक पान उघडायला लागणाऱ्या वेळात चहा निवायचा. आत जागा तर इतकी कमी, की दर शनिवारी त्या आठवड्याचे सगळे अर्ज पुसून टाकावे लागत, नाहीतर सोमवारी ते उघडायलाच तयार नसे. त्यांची बायको अनुसूया म्हणायची, "अहो, ते तुमच्यापेक्षा जास्त दमतं. एकदा दोघांनाही दवाखान्यात दाखवून या."

अर्ज भरून झाला की व्यंकटराव हात पुसत आणि म्हणत, "बराबर झालं." मग माणूस निर्धास्त उठायचा. पावती बहुतेक कोणी मागत नसे.

जूनमध्ये पुसेगावच्या बाजारात सत्यभामाबाई आपल्या लेकीला घेऊन त्यांच्यासमोर बसली. तिच्या घरी मेंढरं होती. दिवाळीनंतर सगळं घर कळपामागे रानोमाळ फिरायचं. लेक राधिका तेवढी मामाकडे राहून बारावी झाली होती, आणि चांगल्या गुणांनी. तिला नर्सिंगला जायचं होतं. बाप मुंजाजीनं एकच अट घातली होती: यंदा नंबर लागला तर शिकायचं, न्हाई लागला तर चालून आलेल्या स्थळाला होकार द्यायचा. पाव्हणे तेवढ्यासाठीच थांबले होते.

"दोनदा विचारणार न्हाई म्हणला तो," सत्यभामाबाई सांगत होती. "तवा महाराज, हे लेकराचं काम नीट करा."

"एवढं कळत नाही का मला?"

अर्ज लांबलचक होता. यंदा त्याची तऱ्हाही बदलली होती. शेवटी पानाच्या मधोमध एक वेगळी चौकट उघडली. तीत राधिकाचं नाव, गुण, जात, कॉलेजांचा क्रम, सगळं आलं. चौकटीत ‘जतन करा’ असं बटण होतं. व्यंकटरावांनी ते दाबलं. हिरव्या अक्षरांत आलं: माहिती जतन झाली आहे.

राधिकानं मान पुढे करून वाचलं. "काका, जतन म्हंजे गेला ना तिकडं?"

"जतन झाली म्हणजे त्यांच्याकडे पोचली, त्यांनी सांभाळून ठेवली," व्यंकटराव म्हणाले. "बराबर झालं."

"जतन केलं म्हणलं की झालंच," सत्यभामाबाई म्हणाली. तिच्या मागे केशरबाई आपल्या मुलीचा वसतिगृहाचा अर्ज घेऊन खोळंबली होती. "उठ बाई आता, का पाटीची पूजा करून राहिली?" असं तिनं म्हटलं आणि सगळे हसले.

महिन्याभरानं गुणवत्ता यादी लागली. सत्यभामाबाई एसटीनं नरसीला आली आणि दगडावर न बसता उभीच राहिली.

"यादीत पोरीचं नाव न्हाई."

"गुण कमी पडले असतील."

"तिच्यापेक्षा धा मार्क कमी असलेली तिची मैत्रीण हाय यादीत."

व्यंकटरावांनी नेटबुक उघडलं. पान उघडता उघडेना. "सर्वरला तकलीफ दिसते," ते म्हणाले. "उद्या हिंगोलीला जाऊन पाहतो. घाबरू नका."

सर्वर म्हटलं की लोक गप्प बसतात. पाऊस लांबला तर आभाळाला काय विचारणार, तसं. सत्यभामाबाईही गप्प बसली आणि परतीच्या एसटीला गेली.

हिंगोलीत योगेश नावाच्या तरुणाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याच्या मोठ्या पडद्यावर पान चटकन उघडलं. राधिकाचं नाव आलं आणि पुढे लाल अक्षरांत: अर्ज अपूर्ण, सादर केलेला नाही.

"असं कसं? जतन झाला होता. मी स्वतः पाहिलं."

"जतन झालाच आहे की. पण सादर कुठं केला?" योगेशनं तीच चौकट उघडली. ‘जतन करा’च्या बरंच खाली, चौकटीच्या तळाशी, आणखी एक बटण होतं. ‘सादर करा.’ "हे दाबलं न्हाई तुमी."

"हे नव्हतं."

"होतं काका. तुमच्या पाटीला उंचीच न्हाई. ही चौकट सरकत न्हाई, तिचा खालचा भाग कापला जातो. कंट्रोल दाबून धरायचं अन् वजाचं बटण मारायचं, सगळं बारीक होऊन दिसतं. माहीत न्हाई तुमाला?" तो हसला, आणि व्यंकटरावांचा चेहरा पाहून थांबला. "मुदत कधीच संपली. आता कोणी काही करू शकत न्हाई. सांगा ना, सर्वर डाऊन होतं म्हणून. सगळेच सांगतात."

परतताना एसटीत व्यंकटराव तेच वाक्य मनात म्हणून पाहत होते. ते अगदी सहज जमत होतं. वाटेत नरसी आलं तेव्हा ते उठले, दारापर्यंत गेले, आणि पुन्हा जागेवर येऊन बसले. कंडक्टरला त्यांनी पुसेगावचं तिकीट मागितलं.

पुसेगावला घरापुढं मुंजाजी मेंढरांच्या वाड्याच्या काट्या नीट करत होता. सत्यभामाबाईनं पाणी दिलं. व्यंकटराव पाणी न पिता तांब्या हातात धरून बसले.

"सर्वरचा दोष नव्हता," ते म्हणाले. "चूक माझी आहे. खाली एक बटण होतं, ते माझ्या पडद्यावर दिसत नव्हतं. मी दाबलं नाही. अर्ज गेलाच नाही."

सत्यभामाबाईला आधी कळलंच नाही. "पण जतन झाला म्हणलं व्हतं तुमी."

"जतन झाला होता. तिथंच पडून राहिला."

"असं कसं जतन वो हे? आमी मेंढरू जतन केलं म्हंजे ते सांजच्याला वाड्यात असतंय."

मुंजाजी काटी खाली ठेवून आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तुमी मुद्दाम थोडंच केलं, महाराज. नशिबात व्हतं तसं झालं. पाव्हण्यांना परवा बोलावलंय मी."

"मुंजाजी, एक वर्ष थांबा. पुढच्या वर्षी मी स्वतः हिंगोलीला नेऊन..."

"पुढल्या साली स्थळ थांबतंय व्हय? मी शब्द दिला. तुमीबी दिला व्हता. माझा तरी राहू द्या."

राधिका दारात उभी होती. ती रडली नाही. नेटबुकच्या पिशवीकडे पाहत म्हणाली, "काका, त्या दिवशी आमच्या मागं केशरबाई व्हती. तिच्या पोरीचा वसतिगृहाचा अर्ज. तोबी असाच भरला का?"

व्यंकटरावांनी तांब्या खाली ठेवला. तिथंही अशीच चौकट उघडली होती. तिथंही हिरवी अक्षरं आली होती. एसटीत बसून इतका विचार केला, त्यात केशरबाई एकदाही आली नव्हती.

"मुदत कधीची?" राधिकानं विचारलं.

त्यांनी वही काढली. "आजची. पाच वाजेपर्यंत."

चार वाजून गेले होते. त्यांनी बाजेवर नेटबुक उघडलं. वहीतून केशरबाईच्या मुलीचा पासवर्ड वाचून टाकायला गेले तर बोटं शेजारच्या बटणांवर पडायला लागली. दोनदा चुकलं. राधिका शेजारी बसली आणि तिनं पासवर्ड टाकला. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. मुंजाजी परत काट्यांकडे गेला. एकदा नेटवर्क तुटलं तेव्हा सत्यभामाबाईनं स्वतःहून त्यांचा मोबाइल उचलून भिंतीवर उंच धरला आणि तशीच उभी राहिली.

पान उघडलं. अर्ज जतन झालेला होता. राधिकानं त्यांनी सांगितली तशी दोन बटणं दाबली. अक्षरं मुंगीएवढी झाली आणि खालचा भाग वर आला. तिनं नाक पडद्याला लावून वाचलं. "सादर करा."

"दाब," व्यंकटराव म्हणाले.

तिनं दाबलं. पुन्हा चक्र फिरलं. मग एक नंबर आला, आणि त्याखाली पावती.

"वाच," ते म्हणाले. तिनं एकेक आकडा वाचला, त्यांनी वहीत उतरवला. "पुन्हा वाच." तिनं पुन्हा वाचला. बराबर झालं, असं म्हणायची सवय ओठांपर्यंत आली होती. ते बोलले नाहीत.

"झालं असंल तर उठ," मुंजाजी अंगणातून म्हणाला. "अंधार पडायच्या आत कोकरांना पाणी दाखव. परवा पाव्हणे यायचेत, घरबी सारवायचंय."

राधिकानं नेटबुक मिटून त्यांच्या पुढ्यात सरकवलं आणि बादली उचलली.